सुतावरून मायक्रॉन गाठताना

सिंकखालच्या कपाटाचं दार पाण्याने फुगलं होतं. नवीन करायचं ठरलं आणि माप मीच घेतलं. दोन्हीकडची फट वजा जाता रुंदी भरली बावीस इंच सहा सूत. मोबाइलवर २२.६ गुणिले २५.४ केलं, ५७४.०४ आलं आणि प्लायच्या दुकानातल्या कटिंगवाल्याला '५७४ एमएम' असा मेसेज टाकून मोकळा झालो. दोन दिवसांनी दार आलं. मिस्त्रींनी ते चौकटीत धरलं, फटीत अंगठ्याचं नख सरकवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "साहेब, सव्वा सूत कमी आलंय."

कटिंगवाल्याने सांगितल्याप्रमाणे बरोबर ५७४ मिलिमीटरच कापलं होतं. घोळ माझ्या दशांश चिन्हात होता. इंचाचे सूत आठ, त्यामुळे सहा सूत म्हणजे इंचाचे सहा अष्टमांश, म्हणजेच पाऊण इंच. बावीस इंच सहा सूत हे २२.७५ इंच होतात आणि त्याचे मिलिमीटर होतात ५७७.८५. फरक ३.८१ मिलिमीटरचा. भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी बावीस वर्षं क्वालिटीत काम करतोय. दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त भरले तर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, परत पाठवतो. त्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात ३,८१० मायक्रॉनची चूक केली. घरात हे कळल्यावर जे व्हायचं ते झालं, ते सोडून देऊ.

पण त्या निमित्ताने डोक्यात बसलं की सूत, तसू, थाऊ, मायक्रॉन हे सगळं एकदा नीट मांडावं. कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही. उंची पाच फूट सहा इंच असलेला माणूस फॉर्मवर ५.६ फूट लिहितो, ती हीच चूक. फुटाचे इंच बारा, इंचाचे सूत आठ, आणि आपला कॅल्क्युलेटर मात्र फक्त दहाचा. त्याला पाव-पाऊण कळत नाही.

आधी सूत. सूत म्हणजे दोरा. लाकडावर सरळ रेघ मारायला सुतार काव किंवा निळीत भिजवलेला दोरा ताणून धरतो आणि मधे चिमटीत उचलून सोडतो. 'सुतार' हा शब्दच मुळात 'सूत्रधार'चा झिजलेला अवतार आहे. त्या दोऱ्याचं नाव इंचाच्या आठव्या भागाला चिकटलं. एक सूत म्हणजे २५.४ भागिले ८, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर.

इंचाचे दहा भाग न करता आठ का केले, याचं उत्तर टेप हातात घेतलात की मिळतं. अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं, असं नुसत्या डोळ्याने करत जाता येतं. कागदाची पट्टी तीन वेळा दुमडा, आठ भाग तयार. दहा भाग दुमडून पाडून दाखवा! शिवाय आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे शब्द तयार आहेत, आणि ते सुतावर चपखल बसतात. दोन सूत पाव इंच, चार सूत अर्धा, सहा सूत पाऊण. टेपवरचा सर्वांत छोटा भाग इंचाच्या बाजूने सोळावा असतो, तो अर्धा सूत.

बेरीज करताना हातचा आठावर येतो, एवढंच लक्षात ठेवायचं. बावीस इंच सहा सूत अधिक तीन इंच पाच सूत. सूत झाले अकरा, त्यातले आठ इंचात गेले, तीन उरले. उत्तर सव्वीस इंच तीन सूत. आमचे मिस्त्री ही बेरीज कानामागची पेन्सिल काढायच्या आत करतात. मिलिमीटरमध्ये न्यायचं असेल तेव्हा इंच आणि सूत वेगळे ठेवा, आधी सगळ्याचे सूत करा आणि मग ३.१७५ ने गुणा. बावीसआठे एकशे शहात्तर, अधिक सहा, एकशे ब्याऐंशी सूत. गुणिले ३.१७५, झाले ५७७.८५. हे मी त्या दिवशी केलं असतं तर हा लेख झाला नसता.

आता सुताची दुसरी गंमत, आणि इथे रूपांतर करणाऱ्यांनी जरा थांबावं. बांधकामाच्या साइटवर सळईला आजही 'तीन सूत', 'चार सूत' म्हणतात. दुकानदाराच्या बिलावर मात्र १० एमएम, १२ एमएम असतं. तीन सूत हिशेबाने ९.५ मिलिमीटर, मिळते १०. चार सूत १२.७, मिळते १२. पाच सूत १५.९, मिळते १६. सहा सूत १९, मिळते २०. आठ सूत म्हणजे एक इंच, २५.४, मिळते २५. अडीच सूत म्हणजे ७.९, ती ८ ची सळई. म्हणजे 'चार सूत' हे आता माप राहिलेलं नाही, ते नाव झालं आहे. गावात सगळ्यांत उंच माणसाला 'बुटक्या' म्हणतात, तसं.

फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, मग काय बिघडतं? सळईत लांबी मोजत नाहीत, छेद मोजतात, आणि छेद व्यासाच्या वर्गाने वाढतो. १२.७ चा वर्ग १६१, १२ चा १४४. खरीखुरी चार सुती सळई आणि आजची १२ ची सळई यांच्या लोखंडात जवळजवळ ११ टक्क्यांचा फरक पडतो. उलट तीन सुताऐवजी १० ची घेतली तर १० टक्के लोखंड जास्त येतं. एखाद्या जुन्या, इंच-सुतातल्या नकाशावरून आज काम करायचं असेल तर 'चार सूत म्हणजे १२' असं तोंडी भाषांतर करून चालत नाही, इंजिनिअरला पुन्हा हिशेब मांडावा लागतो.

नळाच्या पाइपचं तर विचारूच नका. 'अर्धा इंची' जीआय पाइप व्हर्नियरने, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने, मोजलात तर बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो. १२.७ हा आकडा त्या पाइपवर आतून, बाहेरून, कुठेही सापडत नाही. कधीकाळी आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे ते. तेव्हा रूपांतराचा पहिला प्रश्न 'कितीने गुणायचं' हा नसून 'हे माप आहे की नाव' हा असतो.

वर २५.४ चार-पाचदा आलं. हा आकडा अंदाजाचा नाही, तंतोतंत आहे. पूर्वी तसा नव्हता. ब्रिटनचा इंच २५.४ हून केसभर कमी होता आणि अमेरिकेचा केसभर जास्त, २५.४०००५ मिलिमीटर. सुताराला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण दोन देशांत यंत्रांचे सुटे भाग बनू लागले तेव्हा तंटा सुरू झाला. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनने आपले गेज ब्लॉक, म्हणजे माप तपासायचे पोलादी ठोकळे, ज्यांना आम्ही स्लिप गेज म्हणतो, बनवताना दोघांच्या मधला गोल आकडा २५.४ उचलला, आणि कारखान्यांनी तो सरकारांच्या आधी मान्य केला. १९५९ साली ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरवला आणि इंच अधिकृतपणे २५.४ चा झाला. म्हणजे आज इंचाला स्वतःचं वेगळं अस्तित्व नाही, तो मीटरचाच एक वाटा आहे. आणि मीटर १९८३ पासून प्रकाशावर टांगलेला आहे: निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा.

सुताच्या खाली उतरलं की थाऊ लागतो. इंचाचा हजारावा भाग. जुन्या इंग्लिश मशीनवर हात बसलेले आमचे सीनिअर अजूनही 'दोन थाऊ घे अजून' असंच सांगतात. नवीन पोरं मायक्रॉन बोलतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोघांचं भांडण होत नाही, कारण पूल एकच आहे. इंचाचे मिलिमीटर करायला २५.४ ने गुणता ना? थाऊचे मायक्रॉन करायलाही २५.४ नेच गुणायचं. दोन्हीकडे हजारावा भाग घेतला, आकडा तोच राहिला. तोंडी करायचं असेल तर पंचविसाने गुणा. शंभराला दीड इतकीच चूक पडेल. एक सूत म्हणजे १२५ थाऊ, म्हणजे ३,१७५ मायक्रॉन.

मायक्रॉन हा शब्द खरं तर १९६७ सालीच रद्द झाला. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो काढून 'मायक्रोमीटर' म्हणा असं ठरवलं. शॉपमध्ये ते कुणी मनावर घेतलं नाही, त्याला कारण आहे: मायक्रोमीटर हे आमच्याकडे हातात धरायच्या उपकरणाचं नाव. 'मायक्रोमीटरने वीस मायक्रोमीटर मोज' म्हटलं तर पोरगं हसेल.

मायक्रॉन कारखान्यातून बाहेर पडून बाजारात आणि शेतात पोचला तो प्लास्टिकमुळे. कॅरीबॅग किती मायक्रॉनची हे आता भाजीवालाही सांगतो. केंद्राच्या नियमाने किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. मिरची-टोमॅटोच्या गादीवाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर २५-३० मायक्रॉनचा असतो, शेततळ्यात घालायचा कागद ५०० मायक्रॉनचा. ५०० म्हटलं की भरभक्कम वाटतं, पण तो अर्धा मिलिमीटर आहे, एका सुताचा सहावा भाग. फिल्म विकणारे जुने व्यापारी मायक्रॉनऐवजी 'गेज' बोलतात. तिथे १०० गेज म्हणजे एक थाऊ, म्हणजे ढोबळ २५ मायक्रॉन, आणि २०० गेजची पिशवी म्हणजे ५० मायक्रॉनची. तारेच्या दुकानातला गेज मात्र वेगळा: तिथे आकडा वाढला की तार बारीक होते. शब्द एक, दुकानं दोन, आणि दोन्हीकडे आपण मान डोलावतो.

याहून घातक शब्द 'मिल'. अमेरिकन कागदपत्रांत, विशेषतः रंगाच्या आणि कोटिंगच्या, 'मिल' म्हणजे थाऊ. आपल्याकडचा माणूस तो मिलिमीटर समजून वाचतो. चूक जवळजवळ चाळीसपट. तीन मिल कोटिंग म्हणजे ७६ मायक्रॉन, पावडर कोटिंगची नेहमीची जाडी. तीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक सूत, तेवढा रंग कुणी लावत नसतं.

घरी मायक्रॉन बघायचा असेल तर झेरॉक्सच्या कागदाचं न फोडलेलं रीम घ्या. ५०० कागद, साधी शाळेची पट्टी लावली तर उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. ५० मिलिमीटर भागिले ५००, एक कागद ०.१ मिलिमीटर, १०० मायक्रॉन, चार थाऊ. मायक्रोमीटर नसताना मायक्रॉन मोजला की नाही? डोक्याचा केस याहूनही बारीक, बहुतेकांचा ५० ते १०० मायक्रॉनमध्ये बसतो. तेव्हा 'केसभर' हे सुताच्या तीस ते साठ पटीने खालचं माप झालं.

आणि 'तसूभर'? "मी तसूभरही मागे हटणार नाही" असं सभेत गर्जणारे किती मिलिमीटरची हमी देत असतात? तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. जुन्या मुंबई इलाख्यात गज २७ इंचांचा धरत. सत्तावीस भागिले चोवीस, सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे नऊ सूत. २८.५७५ मिलिमीटर. बरंच ढळढळीत माप आहे, चांगली दोन बोटं जातील. 'सूतभर हटणार नाही' म्हणाले असते तर वचन नऊपट पक्कं झालं असतं.

या नऊ सुतांवर मी एका रविवारी बराच वेळ घालवला, कारण पुढे हिशेब फारच सुरेख जुळत जातो. सोळा तसूंचा एक हात. सोळा नव्वे एकशे चव्वेचाळीस सूत, म्हणजे १८ इंच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हाताचे अंगुल चोवीस. १८ इंच भागिले २४, पाऊण इंच. अंगुल म्हणजे सहा सूत, १९.०५ मिलिमीटर, आपल्या फर्निचरच्या १९ एमएम प्लायएवढा. तसू म्हणजे दीड अंगुल. सुतांत मोजलं तर सगळीकडे पूर्णांक, अपूर्णांक औषधालाही नाही. अर्थात हे मुंबईच्या गजापुरतं. उत्तरेत कंपनी सरकारने इलाही गज ३३ इंचांचा धरला, बंगालमध्ये गज ३६ इंचांचा. ३३ चा चोविसावा भाग काढला तर अकरा सूत येतात, ३६ चा काढला तर बारा. म्हणून जुन्या कागदात 'गज' दिसला की आधी गाव बघायचं, मग गुणाकार.

अंगुलाच्या खाली यव, म्हणजे जवाचा दाणा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (ती ११५० ची) सुरुवातीलाच कोष्टक आहे: आठ यवोदरांचा अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश. 'उदर' हा शब्द महत्त्वाचा. दाणे पोटाला पोट लावून आडवे ठेवायचे. १९.०५ भागिले ८, म्हणजे २.४ मिलिमीटर, जवाच्या दाण्याच्या रुंदीच्या जवळपास. इंग्रजांनीही इंच जवानेच मोजला, पण त्यांनी दाणे टोकाला टोक लावून ठेवले, म्हणून त्यांच्या इंचात तीनच बसतात, प्रत्येकी ८.४७ मिलिमीटर. तो जव अजून जिवंत आहे. बुटाच्या दुकानात सातऐवजी आठ नंबर मागता तेव्हा लांबी इंचाच्या तिसऱ्या भागाने वाढते. एका इंग्लिश जवाने. क्रोशही तपासून बघू: आठ हजार हात गुणिले दीड फूट, बारा हजार फूट, ३.६६ किलोमीटर. गावाकडे 'कोस म्हणजे दोन मैल' म्हणतात, त्याच्याशी पटतं.

कौटिल्याचं अर्थशास्त्र यवाच्याही खाली जातं, आणि दर पायरीला आठाने भागत जातं. यवाचा आठवा भाग यूका, म्हणजे ऊ. तिचा आठवा लिक्षा, म्हणजे लीख. मग रथाच्या चाकाने उडवलेल्या धुळीचा कण, आणि त्याचा आठवा भाग परमाणू. सहा सुती अंगुलावरून उतरत आलो तर यव २.४ मिलिमीटर, यूका ०.३ मिलिमीटर, लिक्षा ३७ मायक्रॉन, धुळीचा कण ४.७ मायक्रॉन आणि परमाणू ०.५८ मायक्रॉन. पाच वेळा आठ, म्हणजे एका अंगुलात ३२,७६८ परमाणू.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. खरी ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते, ०.३ ची नव्हे. ज्याने शाळेतून आलेल्या पोरीच्या केसांतून फणी फिरवली आहे त्याला हे सांगायला नको. म्हणजे वरच्या पायऱ्या मोजून ठरवल्या, खालच्या आठाच्या पाढ्याने उतरवल्या आणि त्यांना घरातली ओळखीची बारीकसारीक नावं दिली. चार सुती सळईचंच जुनं रूप. दुसरी गोष्ट त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डबद्दल, ज्यात 'आपल्या पूर्वजांना अणूचा आकार ठाऊक होता' असं असतं. अणू मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या जवळपास. कौटिल्याच्या एका परमाणूच्या लांबीत असे काही हजार अणू ओळीने बसतील. वराहमिहिराने बृहत्संहितेत परमाणूची व्याख्या फार प्रामाणिक केली आहे: जाळीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत जो सर्वांत बारीक कण दिसतो तो. माजघरात दुपारी पडणारा कवडसा आठवा. डोळ्याची जिथे हद्द संपते तिथे त्याने खुंटी ठोकली. मला हे अणूचा आकार ठाऊक असण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. फक्त त्याच्या कोष्टकात केसाच्या टोकाची, वालाग्राची, एक पायरी जास्त आहे. त्यामुळे अंगुलात परमाणू होतात २,६२,१४४ आणि एक परमाणू येतो ७३ नॅनोमीटरचा, करोनाच्या विषाणूहूनही लहान. शब्द तोच, ग्रंथ बदलला, माप आठपट बदललं.

आता नॅनोमीटर आलाच आहे तर तेही उरकू. मिलिमीटरचा हजारावा भाग मायक्रॉन, मायक्रॉनचा हजारावा नॅनोमीटर. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, डीएनएच्या पिळाची जाडी २ नॅनोमीटर. त्याखाली ॲंगस्ट्रॉम, स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावाचा, नॅनोमीटरचा दहावा भाग. हजारांच्या शिडीत ही एकच पायरी दहाची आहे, तिथे पाय घसरतो. या शिडीवर हिशेब सोपा असतो, दशांश चिन्ह तीन घरं सरकवायचं. एका सुतात नॅनोमीटर ३१,७५,०००. लिहायला छान, उपयोग शून्य.

शून्य का, ते सांगतो. मिस्त्री 'तीन सूत' म्हणतात तेव्हा त्यांच्या पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याचं ९.५२५ मिलिमीटर लिहिणं म्हणजे त्यांनी न दिलेला शब्द त्यांच्या तोंडी घालणं. साडेनऊ लिहावं. मूळ मोजणाऱ्या हत्याराला जेवढं दिसत होतं तेवढेच आकडे उत्तरात ठेवायचे. परमाणूचं ०.५८ सुद्धा जरा जास्तच झालं, कारण अंगुल माणसागणिक दोन-तीन मिलिमीटरने बदलतो.

लाकडाला सूत शोभतं त्याचं कारण लाकूड स्वतः एका जागी राहत नाही. पावसाळ्यात दारं घट्ट होतात, मार्गशीर्षात सैल. ज्या फळीची रुंदी ऋतूप्रमाणे मिलिमीटरने हलते तिला मायक्रोमीटर लावणं हा फळीचाही अपमान आहे. लोखंडही हलतं, पण फार कमी. पोलादाचा एक मीटर दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढतो. जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला खरं धरतात. मे महिन्यात आमच्या शॉपमध्ये ३८ अंश असतात. १०० मिलिमीटरची पिन तिथे २१ मायक्रॉनने मोठी भरते. दहा मायक्रॉनची मुभा असलेला चांगला जॉब गरम असताना नापास होतो, दोन तास एसी रूममध्ये ठेवला की पास. दरवर्षी एक नवा अप्रेंटिस मशीनवरून उतरवलेला जॉब तसाच मुठीत धरून मोजायला आणतो, दरवर्षी आम्ही त्याला तो परत ठेवायला लावतो.

आणि कधीकधी सूतच मायक्रॉनला खाऊन टाकतं. हबल दुर्बीण १९९० साली वर गेली आणि चित्रं धूसर यायला लागली. तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला २.२ मायक्रॉनने चुकीचा घासला गेला होता. घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. ज्या उपकरणाने आरसा तपासत होते त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. अर्ध्या सुताहूनही कमी. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती बसवली.

आमच्या दाराला एवढं करावं लागलं नाही. मिस्त्रींनी उरलेल्या सागवानाची एक चिंचोळी पट्टी घेतली, फटीला लावून बघितली, दोन हात रंधा मारला, पुन्हा लावून बघितली, पुन्हा एक हात. टेप खिशातच होता. मग बिजागरीच्या बाजूला फेव्हिकॉल लावून पट्टी ठोकली.

"किती सूत घेतली?" मी विचारलं.

"बसेल एवढी," ते म्हणाले.

रात्री सगळे झोपल्यावर मी व्हर्नियर काढून मोजली. ३.७० एमएम.